बाक परत आणायला गेले आहे

बाळ्या,

मी भंगारवाल्याकडे गेले आहे. काल तू माझा लाकडी बाक त्याला देऊन टाकलास, तो परत आणायचाय. सोबत शेजारची नर्सबाई आहे आणि शिंपीणकाकूंची हातगाडी. फोन मुद्दाम घरी ठेवलाय, म्हणजे तुला अडवता यायचं नाही.

चहा थर्मासमध्ये आहे.

सुट्टीला येताना पाठ चेपणारी खुर्ची आणलीस. त्यामागची माया न कळण्याइतकी मी खुळी नाही. पण काल संध्याकाळी नेहमीसारख्या आम्ही चौघी जमलो. एक खुर्चीत बसली, तिघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि दहा मिनिटांत सगळ्या उठून घरी गेल्या. वीस वर्षांची बैठक एका खुर्चीने मोडली. तू तेव्हा आतल्या खोलीत मोबाइलवर आणखी काय काय घ्यायचं ते बघत होतास.

दुकानवाल्यांना मी कळवलंय, दुपारी खुर्ची न्यायला येतील. मुकाट्याने सही कर. बदल्यात दुसरं काही घेऊ नकोस, टीव्ही नको आणि मिक्सरही नको. माझं कशावाचून अडलेलं नाही.

बाकाचा डावा पाय डुगडुगतो, म्हणून तुला तो भंगार वाटला. तुझे बाबा त्याच बाजूला बसायचे आणि पायाने तोल सांभाळायचे. ते गेल्यापासून तिथे कोणी बसत नाही.

जेवण झालं की तिथे येऊन बस. तोल कसा धरायचा ते मी दाखवते.

— आई