तुमच्या पुस्तकातली मुलगी

ती. बाबा,

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. तुमच्या आठवणींचं हस्तलिखित ऑफिसातल्या साहेबांनी घरी आणून दिलं. छापायला वारस म्हणून माझी सही लागते म्हणाले.

तुम्ही पोलीस खात्यात कॉम्प्युटरवर बसता, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मुलांना फूस लावून परदेशी नेणाऱ्या टोळीशी तुम्ही तीन वर्षं दहा वर्षांची मुलगी बनून गप्पा मारत होतात, हे आता वाचलं. त्या मुलीची दुधाची दाढ पडलेली, तिला भागाकार जमत नाही, तिची मांजर कपाटात व्यालेली. म्हणजे तेव्हाची मीच की!

रोज जेवताना तुम्ही विचारायचात, “काय बाईसाहेब, आज काय विशेष?” आई म्हणायची, “लेक बोलायला लागली की माझं काही ऐकूच येत नाही यांना.” मी फुशारून सांगत सुटायचे. दुसऱ्या दिवशी ते त्या माणसांना पोचायचं.

त्या मुलीमुळे एकतीस मुलं सुटली, हे साहेबांनी दोनदा सांगितलं. तरी मी सही केली नव्हती.

मग एकच गोष्ट शोधत सगळं पुन्हा वाचलं. शिकवणीचे सर मला एकटीलाच मागे थांबवतात, मला भीती वाटते, असं मी एकदा सांगितलं होतं. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. शिकवणी त्याच दिवशी बंद झाली.

त्या माणसांना गळाला लावायला हीच गोष्ट सगळ्यांत उपयोगी पडली असती. ती त्या मुलीच्या तोंडी कुठेच नाही. पुस्तकातही नाही.

सकाळी सही केली.

तुमची,
लेक