पुढच्या सीटचं वजन

अबू हमूर, दोहा
शुक्रवार, मिस्साहून आल्यावर

प्रिय ब्रेंडन,

पत्र पाहून दचकू नकोस. मी बरी आहे, ड्युटी चालू आहे, एसी दोनदा बिघडला आणि दोनदा दुरुस्त झाला. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मला फक्त पेशंटचे रिपोर्ट लिहिता येतात आणि हे तसलं काही नाही. तुला मराठी वाचता येतं हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी शुक्रवारी मिस्साहून घरी आलं की पपा गावाहून आलेल्या चर्चच्या मासिकाचं एक पान तुझ्यापुढे ठेवायचे आणि तू तोंड वाकडं करून का होईना, मोठ्याने वाचायचास. अडलं तर कॅरिनाला विचार. तुझी बायको वसईच्या शाळेत शिकलेली आहे आणि तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही.

तिनेच मला कळवलं की या महिनाअखेरीला तू विमानातला तुझा वाटा विकणार आहेस. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पपांच्याही जन्माआधीचं, कापडाच्या पंखांचं, पुढेमागे दोन सीट असलेलं ते विमान तिकडे इंग्लंडात तुम्ही चौघा मित्रांनी घेतलं, त्या दिवसापासून मी त्याला छत्री म्हणतेय. दोहा-मुंबईच्या तीन तासांत दोन रोझरी संपवणारी बाई मी. पण बातमी वाचली आणि किचनमध्ये स्टुलावर बसूनच राहिले. डाळ करपली तरी उठवेना.

तुला वाटत असेल, मम्मीला आम्हा बापलेकाच्या त्या प्रवासाच्या बेताचं काय पडलंय? मागच्या ऑक्टोबरपासून आपलं जेवणाचं टेबल माझं राहिलं नव्हतं, म्हणून पडलंय. आम्ही दोघं सहा महिने सोफ्यावर ताटं घेऊन जेवलो. टेबलावर इंग्लंडचे नकाशे पसरलेले. जूनमध्ये दक्षिणेच्या किनाऱ्यापासून स्कॉटलंडच्या टोकापर्यंत तू विमान चालवणार, पपा पुढच्या सीटवर बसणार, आणि उतरायचं ते फक्त गवताच्या पट्ट्यांवर. तीस वर्षं पपांनी एअरपोर्टवर लोड कंट्रोलला काढली. तीनशे माणसं, त्यांच्या बॅगा, पेट्रोल, कुठे किती भरायचं याची लोडशीट करायची आणि सही करायची. पण तुझ्या दोन सीटच्या छत्रीला त्यांनी जेवढा वेळ दिला तेवढा कुठल्या जंबोलाही दिला नसेल. इंग्रज शेतकऱ्यांना फोन करून गवत कधी कापलंय ते विचारायचे. बाहेर वाळवंट, आणि हा माणूस फोनवर दवाची चौकशी करतोय! पट्ट्यांची नावं जिभेवर बसेनात म्हणून त्यांनी आपलीच ठेवली. मेंढ्यांची पट्टी, म्हातारीची पट्टी, आणि सगळ्यांत लाडकी सफरचंदांची पट्टी, जिथे तू पहिल्यांदा एकटा उतरला होतास आणि जी तुला पपांना दाखवायची होती.

ती सफरचंदांची पट्टीच मेली बसत नव्हती. चारशे वीस मीटर लांब, शेवटी सफरचंदांच्या बागेची झाडं, आणि पहाटेचं गवत ओलं. पपा म्हणायचे, ओलं गवत चाकाला धरून ठेवतं, दोन माणसांचं वजन घेऊन तिथून उठणं धोक्याचं. हिशोब असा निघाला की पुढच्या सीटवर साठ किलोच्या वरचं माणूस चालणार नाही. पपा चौऱ्याहत्तर. मग लाल पेनने काट. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मला चप्पल घालायला लावली आणि कंपाउंडच्या गेटपासून मोजत मोजत चालवलं. चारशे वीस मीटर म्हणजे आपल्या गेटपासून त्या मल्याळी ग्रोसरीच्या पायरीपर्यंत. तिथे उभं राहून मला म्हणाले, बघ मॅग्डा, एवढ्यात उडायचं. मी म्हटलं, मला एवढ्यात दूध आणायचं. हसले खूप. वाटेत दोनदा थांबले होते. मला वाटलं, बुटात खडा गेला.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मे महिन्यात वसईला, दफन करून आपण घरी आलो, पाव्हणे अजून अंगणातच होते, आणि तू मला विचारलंस. इंग्रजीतच विचारलंस, राग आला की तू नेहमी इंग्रजीवर येतोस. रोज वीस माणसांचं वजन करणाऱ्या बाईला घरातल्या माणसाचं वजन दिसलं नाही का, असं. मी पाव्हण्यांचा चहा बघायला उठले. त्यानंतर तीन महिने आपण एसीबद्दल आणि पगाराच्या रजेबद्दल बोललो.

उत्तर हे आहे, की नाही दिसलं. तू म्हणालास ते खरं आहे. डायलिसिसला पेशंट आला की आधी काट्यावर, गेला की परत काट्यावर. तेवीस वर्षं हेच केलं. अर्धा किलोचा फरक पडला तर डॉक्टरांना उठवते. आणि घरात मी काय केलं ते ऐक. नवीन वर्षात पपांनी भात कमी केला, मी शाबासकी दिली. राखेच्या बुधवारी म्हणाले, या उपवासकाळात मांसही नको आणि रात्रीचं जेवणही नको. आयुष्यभर गुड फ्रायडेला सुक्या बोंबलासाठी कुरकुरणारा माणूस! मला वाटलं, उतारवयात देव आठवला. चर्चच्या आवारात मी बायकांना कौतुकाने सांगितलं. त्यांच्या दोन पँटी मी स्वतः कमरेत घेतल्या, शिवणाचं मशीन काढून, गाणं गुणगुणत. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात त्यांचे डोळे पिवळे दिसले, तेव्हा कुठे माझ्यातली नर्स जागी झाली. तोवर सगळं खलास होतं. पुढे पाच आठवडे. ते गुणगुणणं मला अजून ऐकू येतं, ब्रेंडन.

हे सगळं मी तुला कधी लिहिलं नसतं. मागच्या आठवड्यात इलियास घरी आला. ऑफिसात पपांच्या बाजूच्या टेबलावर बसणारा, लहानपणी तुला बकलाव्याची मिठाई आणून द्यायचा तोच. पपांच्या लॉकरमधलं सामान घेऊन आला होता. चहा घेतला. मग हिंदीत म्हणाला की भाभी, एक गोष्ट सांगायची राहिली होती. पपांना ज्या विमानाने नेलं त्याची लोडशीट त्याने मुद्दाम ड्युटी बदलून स्वतः केली. शवपेटी मालाच्या रकान्यात लिहितात, नुसतं वजन आणि तीन अक्षरांचा कोड. नावाला त्यात जागा नसते. इलियासने ऑफिसच्या कॉपीवर कडेला पेनने लिहिलं, विल्यमभाई. तो रडला, मी रडले, आणि मग त्याने पिशवीतून हिरवी फाईल काढली.

तुझ्या प्रवासाची फाईल. दर महिन्याची एक लोडशीट, जशी तुला पाठवायचे तशीच, हाताने आखलेली. पपांचं तत्त्व तुला माहीतच आहे. मोठ्या विमानात माणसाचं सरासरी वजन चालतं, छोट्यात खरं वजनच लिहायचं, काट्यावर उभं राहून. दर शुक्रवारी बाथरूममधून काट्याचा टुक असा आवाज यायचा, तो मी ऐकलाय. ऑक्टोबर, पुढची सीट, चौऱ्याहत्तर. डिसेंबर, एकाहत्तर. त्याच कागदामागे दवाखान्याचा रिपोर्ट, अकरा डिसेंबरचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. जानेवारी, एकोणसत्तर, आणि बाजूला बारीक अक्षरात, सात लिटर पेट्रोल जास्त घेता येईल. फेब्रुवारी, पासष्ट. मार्च, साठ. आणि मार्चच्या कागदावर सफरचंदांच्या पट्टीवरची लाल काट खोडून हिरवी बरोबरची खूण.

मी अजून रागावलेली आहे त्यांच्यावर. औषधाने चार-सहा महिने वाढले असते, पण अंथरुणात. त्यांना जून हवा होता. ठीक आहे, पण मला विचारायला हवं होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात माणूस मला खोटं बोलला आणि कागदाला बोलला नाही. लोडशीटवर खोटा आकडा लिहायला त्यांचा हात धजला नसता, आणि मला मात्र खुशाल उपवास म्हणून सांगितलं. कधी वाटतं, हाक मारून भांडावं. मग ती हिरवी खूण बघते आणि भांडण जिभेवरच राहतं.

आता पुढचं नीट वाच, आणि वाचून कागद बाजूला ठेवू नकोस. प्रत्येक लोडशीटला पपांनी तुझं उत्तर छापून टाचलं आहे. जानेवारीत तू लिहिलंयस, डाएट मस्त चाललंय, चालू ठेवा. फेब्रुवारीत लिहिलंयस, यल्ला पपा, चला, आणखी पाच किलो! मार्चमध्ये नुसतं, बाग नक्की, आणि पुढे तीन हसरी तोंडं. मी हे तुला टोचायला लिहीत नाही रे. ते वाचलं तेव्हा मला कळलं की वसईच्या घरात तू तो प्रश्न मला विचारत नव्हतास, स्वतःलाच विचारत होतास. विमान का विकतोयस तेही कळलं. माझ्याकडे पँटी होत्या, तुझ्याकडे आकडे होते, आणि आपण दोघांनीही टाळ्या वाजवल्या. कारण ज्याच्यावर आपला जीव आहे तो बारीक झाला की आधी बरंच वाटतं. त्यांनी ते आपल्याला वाटू दिलं. चूक असेल तर तिघांची आहे. त्यांतला एक गेला, आता उरलेल्या दोघांनी एकमेकांना धरायचं की सोडायचं, एवढंच ठरवायचं आहे. मी तुला धरलं आहे. माझ्या मनात तुझ्याबद्दल काडीचाही राग नाही, आणि तूही तो स्वतःबद्दल ठेवू नकोस.

फाईलमधला शेवटचा कागद तुला पाठवलेला नाही. एप्रिलचा आहे, हॉस्पिटलमधला, अक्षर हललेलं. इलियासला सांगितलं होतं म्हणे, लॉकरमध्ये ठेव. मागची सीट, ब्रेंडन, ब्याऐंशी. पुढच्या सीटवर त्यांनी स्वतःला लिहिलंच नाही. तिथे लिहिलंय, मॅग्डलीन, एकसष्ट, आणि खाली, पर्स, तीन. बेरीज चौसष्ट. मग सफरचंदांच्या पट्टीवर पुन्हा लाल काट, आणि शेजारी, बायकोच्या पर्समुळे बाग गेली. मरणाच्या दारात माणूस माझी थट्टा करत होता! सगळ्यात खाली एक ओळ आहे, मॅग्डाला योग्य वेळी विचारायचं. ती वेळ त्यांना मिळाली नाही. म्हणून त्यांच्या वतीने मीच मला विचारलं, आणि हो म्हणून टाकलं. तुझा वाटा विकू नकोस. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून माझी रजा मंजूर झाली आहे. भीती वाटते, पण हातात रोझरी असेल आणि ती वजनाला काही नाही. आज सकाळी काट्यावर उभी राहिले, चपला काढून, तुझ्या पपांसारखी. एकोणसाठ. पर्स आणणार नाही. ती हिरवी खूण तू पुन्हा कर, मला बाग बघायची आहे. निघेपर्यंत दर शुक्रवारी माझं वजन कळवत जाईन. आणि बाळा, आकडा खाली गेलेला दिसला, तर पेट्रोल वाढवू नकोस. आधी मला फोन कर.

पुढच्या सीटवर बसणारी,
तुझीच मम्मी