औक्षणासाठी जीप

१२ जुलै १९९९, सोमवार
यादी लागली. शिरूरच्या आमच्या कॉलेजच्या नव्या ‘गुणवंत वर्गा’त पंधरा मुली, पहिलं नाव माझं. मुमताज सहावी. ती माझ्याच गावची, न्हावऱ्याची. बालवाडीपासून आम्ही एका बाकावर. दोघी फळ्यासमोर येड्यासारख्या उभ्या होतो.
वर्ग पूर्ण केला तर पुण्याला एम.ए.साठी शिफारस, वर वसतिगृह. वसतिगृह असेल तरच आप्पा पुण्याला पाठवतील. नाहीतर टी.वाय. झालं की स्थळं बघायची, ठरलेलं आहे.
मग खाली बारीक अक्षरात वेळ वाचली. चार ते सहा. आमची एस.टी. पाचला. पुढची थेट आठला, तिनं आप्पा येऊ देणार नाहीत, विचारायचीसुद्धा सोय नाही. यादी करणाऱ्यानं एस.टी.चं टाइमटेबल पाहिलं असतं तर काय बोटं झिजली असती?

१५ जुलै, गुरुवार
प्राचार्य मॅडमकडे गेले. (यापुढे प्रा. मॅ. पूर्ण लिहायला हात धजत नाही.) म्हटलं, वर्ग सकाळी घ्या. आम्ही खेड्यातल्या मुली साडेआठलाच येऊन बसतो, तास अकराला.
“सरांना सकाळी जमत नाही. तुमच्या एस.टी.वर कॉलेज चालत नाही, अलका.”
मग संध्याकाळी कॉलेजची जीप सोडेल का?
“डिझेल काय झाडाला लागतं?”
‘हो मॅडम’ म्हणून बाहेर आले. माझ्या ह्या ‘हो मॅडम’चाच मला जास्त राग येतो.
मुमताजचं सुटलं. तिची खाला, म्हणजे मावशी, शिरूरला असते. अब्बा म्हणाले, वर्ग आहे तोवर खालाकडे राहा, वर्ग संपला की घरी. माझं शिरूरात कोणी नाही. मत्सर वाटला. वाटला तर वाटला.

३ ऑगस्ट, मंगळवार
पावणेपाचला सर फळ्याकडे वळले की पिशवी उचलायची आणि मागच्या दारानं पळायचं. रोज हेच. आज सर पाठमोरेच म्हणाले, “निघाली बघा न्हावरा गाडी.” हशा. मुमताज हसली नाही.
हजेरीत माझ्या नावापुढे अर्धी रेघ. अर्धी म्हणजे हजर की गैरहजर, कोणाला ठाऊक नाही. विचारलं तर ‘नंतर बघू’.

१३ ऑगस्ट, शुक्रवार
दौंडकडचे कोणी पुढारी, नव्या खोल्यांचं भूमिपूजन. गुणवंत वर्गाला नोटीस : काठपदराची साडी, औक्षणाचं ताट, चेहरा हसरा. वर्गात घेताना मार्क पाहिले, दारात उभं करताना उंची. म्हणून मी पुढे.
पाहुणे चारला यायचे ते साडेसहाला आले. निरांजन तीनदा विझलं, आईच्या साडीवर तेल सांडलं. पाच वाजता प्रा. मॅ.ना सांगितलं, माझी गाडी चालली.
“काळजी कशाला करतेस? जीप सोडेल की.”
आणि सोडलं! न्हावऱ्यात, अगदी दारात. आप्पा उठून उभेच राहिले. “कालेज लई काळजी घेतंय की पोरींची.”
जेवले नाही. ओवाळायला डिझेल आहे, शिकायला नाही. एवढंच लिहायचं होतं.

२० ऑगस्ट, शुक्रवार
‘हजेरी अपुरी, नाव कमी.’ फळ्यावर एकच नाव, माझं. माझ्या जागी जी आली तिचं घर कॉलेजच्या कुंपणाला लागून. तिचा काही दोष नाही. तरी तिच्याशी बोलले नाही.
आई म्हणाली, “बरं झालं, दिस मावळायच्या आत घरी येशील.” बरं झालं म्हणे!

२८ ऑगस्ट, शनिवार
प्रा. मॅ.नी शिपाई पाठवून बोलावलं. सोमवारी समिती येणार, वर्ग पुढे चालू ठेवायचा का ते ठरवायला. त्यांना पहिली आलेली मुलगी दाखवायची आहे.
“ताट तू धर. विचारलं तर वर्गातच आहे म्हण. नाव परत घालू.”
“आणि गाडी, मॅडम?”
“ते नंतर बघू.”
मुमताज म्हणाली, “म्हण की. एका शब्दानं काय हुतंय? आधी आत तर ये.” पटलं. म्हणायचं ठरवलं. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं.

३० ऑगस्ट, सोमवार
म्हटलं नाही.
समितीत एक वयस्कर बाई होत्या. ओवाळून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातलं ताट घेऊन टेबलावर ठेवलं. “वर्गात सध्या काय वाचता?” पाठ केलेलं सगळं ओठावर होतं. आणि तोंडातून भलतंच, “मी वर्गात न्हाई. काढलंय मला. वर्ग सहाला सुटतो आन् माझी गाडी पाचची.”
“मग आज घरी कशी जाणार?”
“आज जीप हाय. ओवाळायचं असलं की असती.”
बाईंनी लिहून घेतलं. प्रा. मॅ. कोपऱ्यातल्या समईकडे बघत राहिल्या.
जीप अर्थातच मिळाली नाही. फोन करून आप्पांना बोलावलं. शेजाऱ्यांची मोटरसायकल मागून आले, फाटकाबाहेरूनच मला घेऊन गेले.

२ सप्टेंबर, गुरुवार
गुणवंत वर्ग स्थगित. आणि मला पत्र : सोमवारी पालकांसह हजर राहा, ‘मी समितीसमोर खोटं बोलले’ असं लेखी द्या. ते समितीला पाठवलं की वर्ग सुरू होईल.
जिनं खोटं बोल म्हणून शिकवलं, तिलाच आता मी खोटं बोलले असं लिहून हवंय!  

५ सप्टेंबर, रविवार
मुमताज गावात परत आली, पेटीसकट. वर्ग नाही तर खालाकडे कशाला, अब्बांचं सरळ म्हणणं. आमच्या ओट्यावर बसली नाही. उभ्यानंच बोलली.
“तू खरं बोललीस, मी कुठं न्हाई म्हंती? पर घरी मी आले.”
“लिहून देऊ का?”
“लिव्हलंस तर मला तुझी लाज वाटंल. न्हाई लिव्हलंस तर राग येईल. आता तूच बघ.”
गेली. मागे वळली नाही.
राग प्रा. मॅ.चा आहे, सरांचा आहे. त्या समितीतल्या बाईंचाही आहे, लिहून घेतलं आणि गेल्या, निस्तरायला आम्ही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी बोलताना मला मुमताज आठवलीच नव्हती. एकदासुद्धा नाही.

६ सप्टेंबर, सोमवार. सकाळी.
तीन कागद फाडले. एकात माफी होती, एकात शिव्या, तिसऱ्यात नुसतं ‘सविनय’.
आप्पा धुतलेले कपडे घालून तयार. कॉलेजात कधी पाऊल टाकलेलं नाही त्यांनी.
“लिव्हलंस का?”
“नाही.”
“लिव्हणार हाईस?”
“माहीत नाही.”
टोपी झटकून डोक्यावर घातली. मग म्हणाले, “मला तितं बोलाया येत न्हाई. तू बोल. काय बी बोल. मी शेजारी हुबा ऱ्हातो.”
कोरा कागद पिशवीत टाकलाय. मुमताजच्या घरावरूनच जायचं आहे, दुसरा रस्ता नाही. आप्पा हाक मारताहेत.