मधल्या सुनेच्या चार कॅसेटी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

"आईच्या कॅसेटीसुद्धा भंगारात घातल्यास! ताई, तुला काळीज आहे की नाही?" असं विचारून तू रविवारी फोन आपटलास. आपटलेल्या फोनवर उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, मी लक्ष देत नाही. तुझ्या यजमानांचं पोट अजून बिघडलेलंच असेल तर त्यांना निम्मं जेवायला सांग. हे मी तुमच्या लग्नापासून सांगत आले आहे.

तर, कॅसेटी भंगारात गेलेल्या नाहीत. रंगारी येणार म्हणून मी आईचं कपाट रिकामं केलं, एवढाच माझा गुन्हा. भंगारात गेली ती तुला लग्नात आलेली भिंतीवरची घड्याळं. (ती तूच इथे टाकून गेली होतीस. सगळी बंद, आणि कुठल्याही दोहोंचं एकमेकांशी पटेल तर शपथ.) काळजाचं म्हणशील, तर ते आहे. वापरात कमी असतं, म्हणून चांगलं टिकलं आहे.

तू तेव्हा सासरी गेली होतीस, त्यामुळे कॅसेटींची तुला अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. दुपारच्या त्या मालिकेतली मधली सून तुला आठवत असेलच. सासू तिला कोठीत कोंडायची, थोरली जाऊ कुलूप लावायची आणि मधली आत बसून एका वेळी एकाच डोळ्यातून रडायची. (दुसरा डोळा जाहिरातीनंतर.) पुढे त्या नटीनं मालिका सोडली, म्हणून मालिकेत मधली घर सोडून गेली असं दाखवलं. आणि नेमक्या त्याच सुमारास बाजारात नटीच्या गाण्यांचा पहिला अल्बम आला. मुखपृष्ठावर ही चंदेरी विजार घालून मोटारीच्या टपावर उभी! आईनं एका क्षणात दोन्हींची सांगड घातली. सासर सुटलं, माहेरचं कुणी नाही, पदरी काही नाही, म्हणून बिचारी गाऊन पोट भरते आहे. आपण तिची कॅसेट घेतली नाही, तर खाणार काय?

मी तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. आईला समोर बसवून सांगितलं की नटी वेगळी, सून वेगळी, सासूसुद्धा पगारी. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल बाई. पण कोंडलं होतं ना तिला?" यावर तर्कशास्त्रात उत्तर नाही. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून जन्म काढला, पण त्या नोकरीतही तर्कशास्त्र कधी लागलं नाही; किल्ल्यांचा जुडगा पुरला.

कॅसेटच्या दुकानदारानं आईला विचारलं, "नातीसाठी का, आजी?" आई म्हणाली, "नाही, सुनेची आहे." आपल्याला भाऊ नाही हे त्याला काय माहीत! त्यानं घरच्या माणसांना म्हणून एक मोठं पोस्टर फुकट दिलं. ते आईनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि जुन्या कॅलेंडरचा तुकडा कापून मधलीच्या उघड्या पोटावर लावला. गार लागेल म्हणून.

मग दुसरा अल्बम आला, तिसरा आला, चौथा आला. संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना आई तिसरा लावायची. त्यात ते वाट पाहण्याचं गाणं आहे. वर्षं गेली तसतसा मधलीचा आवाज जड व्हायला लागला. आई म्हणायची, "बसला गं आवाज. दगदग होते तिला. वय का थांबतं कुणाचं?" दोन ओळींमध्ये मधली भला मोठा श्वास घ्यायची आणि त्या जागेत आई "हं" म्हणायची, जणू शेजारीण गाऱ्हाणं सांगते आहे. मला वाटायचं, गाणंच तसं आहे.

तू फोन आपटल्यानंतर ठरवलं, कॅसेटी तुला पाठवायच्या तर वाजतात का ते बघून पाठवाव्यात. टेपरेकॉर्डर पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं उघडला, आतला रबरी पट्टा बोटावर घेतला आणि हसत सुटला. "बाई, हा केव्हाच सैल पडलाय. पेंगत चालत असेल." नवा पट्टा घातला, तिसरी कॅसेट लावली आणि आतून एक विशीतली पोरगी अशी उधळली, जणू हिची कॉलेजची बस सुटते आहे! दुकानातली गिऱ्हाइकं ताल धरायला लागली. श्वास नाही, थांबणं नाही, "हं"ला जागाच नाही. मी म्हटलं, "हे गाणं नव्हे." तो म्हणाला, "हेच खरं. तुम्ही इतकी वर्षं चुकीचं ऐकलंत." मी म्हटलं, "चुकीचं का असेना, आमच्या घरी ते असंच म्हणतात. जुना पट्टा परत घाला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "दुरुस्तीची मजुरी ठरलेली आहे. बिघडवायची काय लावू?" मी त्याच्याकडे वसतिगृहातल्यासारखं पाहिलं. त्यानं निमूट कचऱ्याच्या डब्यात हात घातला.

जुना पट्टा बसला आणि आपली मधली परत आली. घोगरी, दमलेली, दोन ओळींमध्ये थांबणारी. ती थांबली तेव्हा मी ऐकत राहिले. दुकानात डोळ्यांना धुराचा त्रास होता, म्हणून लगेच निघाले.

कळावे, लोभ असू द्यायला हरकत नाही.

तुझी,
ताई

ता. क. रबरी पट्टा बदलताना धूर होत नाही, हे तुझे यजमान सांगतील. त्यांना हे पत्र वाचून दाखवू नकोस.

आणखी ता. क. रंगारी भिंती रंगवून गेला. कपाटाच्या दाराला आतून हात लावायचा नाही, असं मी त्याला बजावलं होतं. तुझी खाट मोकळी आहे. घड्या घालायला एक माणूस कमी पडतं. आईला जाऊन वर्ष होईल, तू आली नाहीस. मीही ये म्हटलं नाही. आता म्हणते आहे.

शेवटचं. पार्सल आज पोस्टातल्या बाईंच्या हाती दिलं. आत आहे: कॅसेट पहिली, दुसरी आणि चौथी, नवा पट्टा, एकदाच वापरलेला, आणि तिसऱ्या कॅसेटची डबी, रिकामी. कॅसेट इथे टेपरेकॉर्डरमध्येच आहे.