तक्रारवहीतले बाबांचे गुडघे

ती. खुशालमामांना,

अकोल्याहून तुमच्या मोनालीचा वाकून नमस्कार (ऑफिसच्या खुर्चीत वाकता येतं तेवढा). बीपी कसं आहे? मामींनी तुमचं मीठ बंद केल्याचं आईकडून कळलं, आणि तुम्ही कचोरी चालू ठेवल्याचं तुमच्या नितेशकडून. दोन्ही बातम्या मी माझ्यापाशीच ठेवल्या आहेत. तिकडे ऊन कसं आहे? इथे तर सकाळी नऊलाच डोकं तापतं.

मामा, मी सध्या भयंकर आनंदात आहे! जठारपेठेतल्या आमच्या ऑफिसने मला एक पुस्तिका लिहायला दिली आहे, आणि ती वाचणारा मुळी माणूस नव्हेच. भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या आपल्या शेतकरी गटासाठी आम्ही संगणकावर एक तक्रारवही बनवली आहे. मोटर जळली, ठिबकची नळी फुटली, माल न्यायला गाडी आली नाही, की शेतकऱ्याने फोन करायचा. फोन घेतो एआय एजंट (विम्याचा नव्हे, संगणकातला मदतनीस). तो ऐकून घेतो, तक्रारीला नाव देतो, योग्य माणसाकडे सोपवतो आणि काम होईपर्यंत त्याच्या मागे लागतो. हे सगळं कसं करायचं ते त्याला सांगणारी पुस्तिका माझी! आजवर माझं लिहिलेलं कोणी धड वाचलं होतं का? बारावीचे निबंध तर सरांनी पानं मोजून तपासले. आणि हा गडी माझं अक्षर न् अक्षर वाचतो, प्रत्येक फोनआधी पुन्हा वाचतो, आणि लिहिलं असेल तस्संच करतो. पहिले दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी आले. झालं असं, की पुस्तिकेत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं: फोन आला की आपुलकीने विचारपूस कर, शेतकरी जी अडचण पहिल्यांदा सांगेल तीच तक्रार समज, आणि कोणतीही अडचण क्षुल्लक मानू नको. आता तुम्हीच सांगा, आपल्या वऱ्हाडात फोन लावल्याबरोबर कामाचं कोण बोलतं? आधी तब्येत, मग पाऊसपाणी, मग कोणाच्या पोरीचं जमलं, आणि "बरं, ठेवतो मंग" म्हटल्यावर, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात, खरं काम. (लगेच कामाचं बोलणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो नाही तर रागावलेला.) जन्मापासून हे ऐकत आले, आणि लिहायला बसल्यावर नेमकी विसरले.

पहिला फोन कोणाचा असावा? बाबांचा! बाळापूरच्या मळ्यातली मोटर बंद पडली होती आणि झेंडू माना टाकत होता. एजंटने आपुलकीने विचारलं, कसे आहात? बाबा म्हणाले, "काय सांगू बाप्पा, गुडघे लय दुखून राहिले." झालं. तक्रार क्रमांक एक, नाव: गुडघे. तातडी: जास्त. सोपवले: दुरुस्तीवाले डोमाजी. बिचारे डोमाजी पाने-पक्कड, ग्रीस असं सगळं घेऊन मोटरसायकलवर बाळापूरला गेले आणि बाबांना म्हणाले, दाखवा. बाबांनी चिडून त्यांना आल्या पावली परत धाडलं, आणि मोटर आणखी दोन दिवस तशीच. गटातल्या जमुनाकाकूंनी सून धड बोलत नसल्याचं सांगितलं, ते गेलं गाडीवाल्या किशोरकडे. त्याने सासू-सुनेला समोरासमोर बसवून ते खरंच मिटवलं (त्याला हे जमतं हे कोणालाच माहीत नव्हतं), पण गाडी काही त्याने आणली नव्हती, आणि काकूंची वांगी बांधावरच राहिली.

आता शनिवारी जुन्या शहरात गटाची बैठक आहे. तक्रारवही ठेवायची की काढून टाकायची ते तिथे ठरणार, आणि वही गेली की पुस्तिकेबरोबर मीही घरी. सगळ्यात मोठा आवाज कोणाचा असणार, तर बाबांचा. "गाऱ्हानं मानसापाशी सांगतेत, डब्ब्यापाशी नाई," असं ते गावभर सांगत फिरताहेत. पोरगी काय लिहिते हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, पण डोमाजींनी काय दाखवा म्हटलं ते पन्नास जणांना सांगून झालं.

पण मी काही हार मानलेली नाही! रविवारी बसून अख्खी पुस्तिका नव्याने लिहिली. त्यातला मुख्य नियम असा, की वऱ्हाडातला माणूस "ठेवतो" म्हणाला तरी फोन ठेवू नको, थांब, खरी अडचण आता येते. सोमवारी पुन्हा जमुनाकाकूंचा फोन. एकोणीस मिनिटं बोलल्या. एजंट हूं हूं करत राहिला. "बरं, ठेवतो" झालं, तरी हा थांबलेलाच. आणि मग काकू म्हणाल्या, "आन् काय म्हंतो, ते गाडी कधी येते?" नाव: गाडी! मामा, मी अशी ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या सहदेवभाऊंचा चहा शर्टावर सांडला.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
मोनाली

ता. क. शनिवारी सहज अकोल्याला येता का? उगाच आपलं, बऱ्याच दिवसांत भेट नाही.

ता. क. आलात तर बैठकीत सगळ्यांसमोर एक फोन करून दाखवाल का? खऱ्या कामावर यायला चाळीस मिनिटं लावणारा माणूस आपल्या घराण्यात एकच आहे. तुमची तक्रार एजंटने बरोबर पकडली, तर कोणाचीच चुकणार नाही. शिवाय तुमच्यापुढे बाबांचा आवाज चढत नाही.

ता. क. हे पत्र मी सरावासाठी एजंटला वाचायला दिलं. वाटलं, नाव देईल "मामांनी शनिवारी यावे". ती नोंद त्याने केली, पण खालच्या ओळीत. वरची नोंद अशी: "वडिलांनी मुलीला एकदा शाबास म्हणावे. सोपवले: खुशालराव." मी पत्रात असं एक अक्षरही लिहिलेलं नाही, मामा, हवं तर पुन्हा वाचून बघा. कालपासून तीनदा ती नोंद बंद करायला गेले. तो दर वेळी एवढंच विचारतो, झालं का? आणि खोटं "झालं" काही माझ्याने म्हणवत नाही.