काचेचा धागा, घरचा कापूस

पुलगाव
५ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
हर्षाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानात मशीन घालायला तुम्ही तयार नाही, म्हणून पोस्टमनला कामाला लावते. काल तुमच्या लेकाचा, योगेंद्रचा, फोन आला होता. हायवेवरच्या दुकानापर्यंतच इंटरनेट येतं म्हणून त्याने तिथून घरापर्यंत स्वतःच काचेची केबल ओढली. व्हिडिओ पाहून शिकला, टोकं स्वतः जोडली. तुम्ही मात्र विळा घेऊन अंगणात उभे राहिलात आणि तार घरात आली तर कापतो म्हणालात, हेही त्याने सांगितलं.

मागच्या वर्षी त्याच्या तांब्याच्या केबलवरून वीज घरात शिरली, टीव्ही जळाला, आईच्या हाताला झटका बसला. तुमची धास्ती खोटी नाही. पण या केबलमध्ये धातूच नाही. त्याने मुद्दाम तशी घेतली आहे. आत केसाएवढी काच असते आणि तिच्यातून नुसता उजेड जातो. उजेडाचा झटका कोणाला बसल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तुमच्या सूनबाईला, रीताला, तिच्या कंपनीने बजावलंय की या महिन्यात सोमवारच्या बैठका घरून नीट झाल्या नाहीत, तर पुण्याला येऊन राहा. योगेंद्र आणि रीताने तिथे खोलीही पाहून ठेवली आहे. नातीशिवाय, छकुलीशिवाय, तुमचा घास उतरत नाही, हे मी लिहायला हवं का? विळा गोठ्यात ठेवा.

आईला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, थोडा त्या केबलवरही असू द्या.

आपली,
हर्षा

वडनेर
९ नोव्हेंबर

चि. सौ. हर्षास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

विळा मी गवतासाठी घेतला होता. बरं, थोडा केबलसाठीही. पण योगेंद्रने दुकानातल्या टोकाला तांबड्या उजेडाची बॅटरी लावली आणि इकडे माझ्या भिंतीवर तांबडा ठिपका पडला. गोठ्यावरून, लिंबाखालून, एवढ्या लांबून! हिंगणघाटच्या जिनिंग कारखान्यात जन्मभर कापसाची प्रत पाहिली, पण असा धागा पाहिला नव्हता. मी तेव्हाच विळा ठेवून दिला. त्याला मात्र काही बोललो नाही. पोरगा चढून बसला असता.

पण केबलचं टोक ज्यात खोचलंय ते यंत्र टिकून चालत नाही. सकाळी हिरवा दिवा जातो, तांबडा येतो. योगेंद्र टोक पुसून पुन्हा जोडतो, दिवसभर चालतं, दुसऱ्या सकाळी परत तेच. काल रीताने ते टोक माझ्या हातात पाहिलं. मग योगेंद्र सगळ्यांसमोर ओरडला. मला अर्धंच ऐकू आलं, तेवढं पुरलं. म्हणे बाबा, तुम्हीच रोज बिघडवून राह्यले, आम्ही पुण्याले गेलो म्हणजे तुमचं पोट भरन. बापाला चोर ठरवल्यावर खुलासा कशाचा द्यायचा?

उलट मी त्या यंत्राची सेवा करतो. सकाळी देवाच्या वातींसाठी सरकी काढून कापूस पिंजतो. त्याच कापसाने चष्मा पुसतो, रेडिओ पुसतो आणि आता ते टोकही. टोकात पाहू नका, डोळे जातील, असं त्याने बजावलं होतं, म्हणून डोळे मिटून पुसतो आणि होतं तसं लावून देतो. एवढं करून ही बक्षिसी. आपलेच दात, आपलेच ओठ.

छकुली बाहुल्यांची पिशवी भरून बसली आहे. मी तिकडे पाहत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. तू तरी माझ्यावर विश्वास ठेव, दुसरं काही मागत नाही.

तुझे,
बाबा

पुलगाव
१४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबा, हात जोडते, त्या टोकाला कापूस लावू नका!

योगेंद्रला मी आडून विचारलं की टोक कशाने पुसतोस. तो म्हणाला, स्पिरिटच्या फडक्याने, ज्याचे तंतू सुटत नाहीत अशा. कापसाचा एक तंतू टोकावर राहिला तरी उजेड अडतो. तो आठवडाभर केबल चाचपत लिंबाखाली फिरतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

तुमच्या कापसाला आजवर कोणी नाव ठेवलं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी त्याला काही सांगितलेलं नाही. ते तुमच्याच तोंडून जायला हवं. चोवीस तारखेचा सोमवार शेवटचा आहे. बाबा, मानापायी घर रिकामं करू नका.

रागावलात तरी चालेल, पण लोभ तुटू देऊ नका.

आपली,
हर्षा

वडनेर
२४ नोव्हेंबर

चि. सौ. हर्षास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. तरी हात लावणं बंद केलं आणि हिरवा दिवा ढळला नाही. मग मी मनातून खचलो. योगेंद्रला सांगायचं रोज उद्यावर ढकलत राहिलो. तो समजला, ओरडल्यामुळे बुढा सुधरला. रीताला म्हणाला, असं भीत भीत काऊन राहाचं, पुण्यालेच जाऊ. सामानासाठी खोकी आली.

आज सकाळी रीता बैठकीला बसणार, तर तांबडा दिवा! योगेंद्रने नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यापेक्षा शिव्या बऱ्या. मी तुझ्या आईकडे पाहिलं, तर तिच्या पदराला कापूस चिकटलेला. मी पुसणं सोडलं म्हणून बिचारीने आज बैठकीआधी ते काम स्वतःकडे घेतलं होतं. ती काही बोलणार, एवढ्यात मी तिला पाणी आणायला पाठवलं.

आणि योगेंद्रला म्हणालो की मीच पुसलं रे, आजही आन् रोजही, आपल्या घरच्या कापसानं. तुले वाटलं तोडून राह्यलो, मी तं साफ करून राह्यलो होतो. हे चाललं नाई तं तुमी जाल, याचंच मले भेव होतं.

योगेंद्र खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने स्पिरिटच्या फडक्याने टोक पुसलं, जोडलं आणि हिरवा दिवा लागला. रीता बैठकीला बसली ती शेवटपर्यंत उठली नाही.

खोकी दुकानात परत गेली. योगेंद्रने ते फडकं माझ्या हातात दिलं, कसं धरायचं ते शिकवलं. म्हणाला, पुसाचं काम तुमचंच, पण मी सांगन तवाच. छकुलीने पिशवीतल्या बाहुल्या माझ्या खाटेवर ओतल्या. मला रडू आलं. लपवलं नाही.

आजचं पुसणं कोणाचं, हे योगेंद्रला सांगू नकोस. जेवताना तुझी आई माझ्या कानाशी येऊन विचारत होती, माझं तुमी काऊन आपल्या अंगावर घेतलं. मला ऐकू आलं नाही असं दाखवून मी भाकरी मागितली.

कळावे. सगळ्यांना आशीर्वाद, आणि पोस्टमनला सांग, आमचं अजून बरंच काम आहे.

तुझे,
बाबा