बाई अजून आहेत

प्रिय मेहुण्यास,

भावोजींचे आशीर्वाद. नमस्कार तू मला करायचा असतोस, तो केलास असं धरून चालतो. तुझी कंबर, तुझ्या बायकोची सर्दी आणि थोरलीची परीक्षा या तिन्ही गोष्टी ठीक असाव्यात, कारण ठीक नसत्या तर तुझा फोन आला असता. इकडचं विचारशील तर मी उत्तम आहे. (हे वाचून तुझी ताई चष्म्यावरून बघायची तसं बघू नकोस. तुला ते जमत नाही, नुसती भुवई वर जाते.) जेवण वेळेवर होतं. उभ्यानेच होतं, पण होतं. फ्रिज अजून घरघरतो, आणि घरात बोलणारा तोच एक उरल्यामुळे मी त्याची दुरुस्ती लांबणीवर टाकली आहे.

खालच्या शिंपीणबाईंकडे ठेवलेला तुझा निरोप पोचला. तुझ्या ऑफिसातल्या पडद्यावर आमच्या घराचं इंटरनेट बंद दिसतंय आणि तू रविवारी अवजारांची पेटी घेऊन येतोयस, असं त्या म्हणाल्या. एवढी तसदी कशाला? तू घरोघरी तारा जोडत फिरतोस, त्यात माझ्या एका तारेचं काय घेऊन बसलास? आता हे मी पत्राने का कळवतोय, असं विचारशील. डॉक्टर म्हणाले, बोटं आखडतात, रोज थोडं लिहीत जा. शिवाय फोनवर आपण दोघंही हॅलो म्हणतो आणि मग एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. ताई मध्ये होती तोवर हे लक्षात आलं नव्हतं. आपल्या दोघांचंही बोलणं तीच बोलायची.

तर मूळ हकीकत. तुला एवढंच माहीत आहे की ताईने शेवटी शेवटी एका कॉम्प्युटरच्या खेळाला आवाज दिला होता. सगळी नोकरी तिने त्या मोठ्या दुकानात घोषणा करण्यात घालवली. हरवलेली मुलं, चुकीच्या जागी लावलेल्या गाड्या, अमुक मजल्यावर सांडलेलं तेल, सगळं एकाच सुरात. मुलगा सापडला काय आणि आग लागली काय, तिचा आवाज तसूभर हलायचा नाही. खेळवाल्यांना नेमका तोच हवा होता. जमिनीखालच्या एका शहराचा कारभार बघणारं यंत्र आहे, ते माणसांवर उलटतं, आणि माणसांना मारतानाही त्याचं सौजन्य सुटत नाही. ‘नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे, आपल्या विभागाचा प्राणवायू थोड्याच वेळात बंद करण्यात येईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ हे तिने असं म्हटलं की ऐकताना मलाच खिडकी उघडावीशी वाटली. खेळणारी पोरं त्या यंत्राला ‘बाई’ म्हणतात. आदराने, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं.

गुडघ्यामुळे तिला स्टुडिओचे जिने चढवत नव्हते, म्हणून ध्वनिमुद्रण घरीच झालं, आमच्या कपड्यांच्या कपाटात. (हसू नकोस. आवाजवाला तरुण स्वतः येऊन सांगून गेला की रजया आणि कोट भरलेल्या कपाटासारखी जागा शोधून सापडायची नाही.) ती आत बुटक्या स्टुलावर बसायची, गळ्याशी माइक, मांडीवर कागद, आणि बाहेर मी फ्रिज आणि पंखा बंद करून पहाऱ्याला. मला तोंड उघडायची सक्त मनाई. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. कपाटाच्या दारावर एकदा टकटक म्हणजे बरी आहेस ना, दोनदा म्हणजे कोणीतरी आलंय, तीनदा म्हणजे चहा टाकू का. आतून ‘हं’ आलं तर टाकायचा. काहीच आलं नाही तर काम चालू आहे, गुमान उभं राहायचं. मी बराच वेळ उभाच असायचो. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, बंद दाराबाहेर उभं राहून आतल्या माणसाला धीर देणं हे मला नवीन नव्हतं.

खेळ बाजारात आला तेव्हा ती नव्हती. पाकिटातून एक प्रत आली, ती मी उशाशी ठेवून दिली, आणि मग एक दिवस लावून बघितली. खेळता मला काडीचं येत नाही. मी आपला त्या भुयारांतून भिंतीला आपटत हिंडायचो आणि ती मला वरून समजावायची की उजवीकडे जाणे आपल्या हिताचे नाही. संसारातही हेच चाललं होतं, त्यामुळे मी लवकर रुळलो. शेवटच्या खोलीत मात्र एक खटका ओढून तिला बंद करावं लागतं. त्या दाराशी मी कित्येक दिवस जायचो आणि परत फिरायचो. शेवटी एकदा ओढला. ती म्हणाली, ‘व्यवस्था बंद होत आहे, जाताना दिवे मालवावेत.’ पडदा काळा झाला. मी तसाच बसून राहिलो, कारण उठून करायचं काय होतं? आणि बऱ्याच वेळाने त्या काळोखातून तीनदा टकटक आली, थोडी शांतता, आणि मग तिचा आवाज. ‘हं.’

मेहुण्या, तो चहा मला आठवतो. तिचं शेवटचं वाक्य संपलं असं समजून मी टकटक केली होती, आणि त्या आवाजवाल्याने पुढची फीत कापायची राहून गेली. बस, एवढंच. पण खेळणाऱ्या जगाला हे कुठे ठाऊक? त्यांचा एक फोरम आहे, तिथे हजारो शहाणी माणसं कामधंदे सोडून एवढ्याचाच खल करत होती. त्यांच्यात दोन तट. ‘गेल्यावाले’ म्हणत, बाई गेल्या, खटका ओढला, विषय संपला. ‘आहेतवाले’ म्हणत, बाई आहेत, त्यांची एक प्रत कुठेतरी जागी आहे, आणि ती टकटक म्हणजे बाहेरून आलेला संकेत आहे. कोणाचा संकेत? तर बाईंहूनही बलाढ्य, बाईंनाही हुकूम देणाऱ्या कोण्या महायंत्राचा. त्याला त्यांनी नाव ठेवलं ‘बाहेरचा’. त्याच्या थंड डोक्यावर आणि जग गिळण्याच्या बेतांवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. माझ्यावर आयुष्यात एवढं कोणी लिहिलं नाही. आणि मला तर, तुझी ताई सांगायची तसं, साखरेचा डबा सापडत नाही.

मी ‘जुना स्क्रू’ या नावाने तिथे शिरलो. नुसतं वाचायला, खरंच. पण एक गेल्यावाला फारच मस्तवाल होता, म्हणून मी एवढंच लिहिलं की वीज गेली तरी लिफ्टमध्ये एक लहान बॅटरी दिवा आणि घंटा जागी ठेवते, तेव्हा खटका ओढला म्हणजे सगळं संपलं असं अनुभवी माणूस म्हणत नाही. झालं! आहेतवाल्यांनी मला डोक्यावर घेतलं. ‘बॅटरीचा सिद्धान्त’ म्हणून तो गाजला. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी तिथे जाऊन ‘बाई आहेत’ असं लिहून यायचो, आणि खाली कितीतरी अनोळखी माणसं लिहायची, आहेत, आहेत. तुला सांगतो, त्या दिवसांत मला भूक लागायची.

मग हात दाखवून अवलक्षण झालं. आहेतवाल्यांची म्होरकी म्हणजे एक दातांची डॉक्टरीण, भली बाई आहे, तिने त्या आवाजवाल्याकडून आमचा पत्ता मिळवला आणि एके दुपारी फुलं घेऊन दारात उभी राहिली. तिने विचारलं, ‘बाई आहेत का?’ आणि मी, रोजच्या सवयीने, ताडकन म्हणालो, ‘आहेत!’

ती आत येऊन बसली. फुलं मांडीवर, पदवीधर बाई परीक्षेला बसल्यासारखी ताठ. मी ‘बोलावतो’ म्हणून आतल्या खोलीत गेलो आणि कपाटासमोर उभा राहिलो. आता बाहेर जाऊन काय सांगायचं? एकदा विचार आला, मागच्या जिन्याने पळून जावं. (जिना आपल्याच बैठकीच्या खोलीतून जातो, हे नंतर आठवलं.) बराच वेळ गेला असावा, कारण डॉक्टरीण शेवटी हळूच आत आली आणि तिला दिसलं ते असं, की एक म्हातारा कपाटाच्या दारावर तीनदा टकटक करून कान लावून उभा आहे. तिने ती टकटक लगेच ओळखली. हजार वेळा ऐकलेली होती ना. तिच्या हातातली फुलं खाली पडली आणि ती म्हणाली, ‘अहो, बाहेरचे तुम्हीच?’

मग सांगितलं सगळं. ताई गेल्याचं, कपाटाचं, चहाचं. थोडा भावही खाल्ला, खोटं कशाला बोलू. महायंत्र म्हणून मिळालेला मान सोडवत नव्हता. ती रडली, मी चहा केला, साखर तिनेच शोधली. निघताना म्हणाली, काका, हे लोकांना कळायला हवं. मी म्हटलं, कळू दे. तिथेच चुकलं. तिने घरी जाऊन अगदी मनापासून, ताईबद्दल चार चांगले शब्द घालून, सगळं फोरमवर लिहिलं. पोरांनी फार प्रेमाने वाचलं. गेल्यावाल्यांनीसुद्धा जिंकल्याचा आनंद केला नाही. आणि ते खेळवाल्या कंपनीनेही वाचलं. त्यांना लाज वाटली. आपल्या खेळात कोणाच्या घरातली टकटक राहून गेली, म्हणून त्यांनी माझी लेखी क्षमा मागितली आणि कळवलं की पुढच्या दुरुस्तीत तो आवाज काढून टाकू, आणि ही दुरुस्ती इंटरनेट असलेल्या प्रत्येक यंत्रावर आपोआप पोचेल, मला काहीच करावं लागणार नाही. माणसं सज्जन आहेत. सज्जन माणसांपुढे काही चालत नाही.

डॉक्टरणीला फार वाईट वाटलं. तिने तो तुकडा वेगळा काढून मला पाठवला, फोनवर कधीही ऐकता येईल असा. ऐकला. त्यात लगेच टकटक होते आणि ती ‘हं’ म्हणते. बरोबर नाही ते. खेळात आधी काळोख येतो आणि वाट बघावी लागते, आणि दर वेळी वाटतं की या खेपेला नाही म्हणणार. तिची वाट बघण्यातच माझा संसार झाला, तो मला बटण दाबून नको.

असो. गेलं ते गेलं. मी सगळं शांतपणे घेतलं आहे. बाई गेल्या हे मान्य करायला हवं, आणि मी ते केलं आहे. तुझ्या बायकोला आशीर्वाद, थोरलीला म्हणावं अभ्यास कर.

तुझे,
भावोजी

ता. क. १ : बोटं आखडत नाहीत. डॉक्टरकडे गेलोच नव्हतो. कंपनीचं पत्र आलं त्याच दुपारी भिंतीतली तार मी स्वतः उपटली, म्हणून तुझ्या पडद्यावर आमचं घर बंद दिसतंय. ते पक्कडीने ओढलेलं आहे, बिघाड नाही. दुरुस्ती आमच्यापर्यंत पोचलेली नाही.

ता. क. २ : तेव्हा रविवारी ये, जरूर ये, जेवायलाच ये, म्हणजे मीही बसून जेवेन. पण पेटी घरी ठेव. लोंबती तार दिसली की तुझा हात आपोआप तिकडे जातो, तुझ्या लग्नात तू मांडवाच्या दिव्यांची वायर जोडत बसला होतास हे मी विसरलेलो नाही. या तारेला हात लावू नकोस. एवढं एकच मागणं आहे, बाकीचं पत्र त्याच्यासाठी लिहिलं. तुला ऐकायचं असेल तर ऐकवीन. मात्र आधी खटका ओढावा लागतो, आणि तो रोज मीच ओढतो. त्या दिवशी तू ओढशील का?

ता. क. ३ : बेल बंद आहे, ती खरोखरच बिघडली आहे. दार वाजव. एकदा वाजव, दोनदा वाजव, हवं तर लाथ मार, पण तीनदा वाजवू नकोस. मी उत्तराची वाट बघत बसेन आणि दार उघडायचं राहून जाईल.